कुकरात वाजलेला फोन

रात्री ओटा आवरून झाला की एक प्रयोग करून बघा. पाच लिटरचा कुकर कोरडा पुसून घ्या, आत मोबाइल ठेवा, रबर लावलेलं झाकण घट्ट बसवा आणि घरातल्या दुसऱ्या फोनवरून रिंग द्या. आमच्या कांदिवलीच्या घरात फोन वाजला, आणि चांगला खणखणीत वाजला. मग तोच फोन पोळ्या गुंडाळायच्या ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळला, कडा दोन-दोनदा दुमडून, नखाने दाबून. पुन्हा रिंग दिली, तर फोन संपर्कक्षेत्राबाहेर.

कुकरची भिंत तीनेक मिलिमीटर जाड. फॉइल साधारण १५ मायक्रॉन, म्हणजे ०.०१५ मिलिमीटर. धातू दोन्हीकडे ॲल्युमिनियमच. दोनशेपट जाड भिंतीच्या भांड्यात लहरी शिरल्या आणि नखाने फाटेल अशा फॉइलने मात्र त्या अडवल्या. फरक पडला तो रबराच्या रिंगेमुळे. कुकरचं झाकण आणि भांडं यांच्यामध्ये सगळीकडून रबर आहे. वाफेला ते अडवतं, पण रेडिओ लहरींच्या लेखी रबर म्हणजे मोकळी फट. २० सेंटिमीटर व्यासाच्या कुकराभोवती ही फट साठ सेंटिमीटरहून जास्त लांब भरते. फॉइलला अशी फटच नव्हती.

मुंबईतल्या एका औद्योगिक वसाहतीत आमचा छोटा गाळा आहे. भट्ट्यांचे तापमान नियंत्रक, वजनकाट्यांचे इंडिकेटर असली यंत्रं आम्ही बनवतो. आमच्या धंद्यात यंत्राला बाहेरच्या रेडिओ लहरींपासून वाचवण्याच्या कामाला नुसतं 'शील्डिंग' म्हणतात. या कामासाठी कुठला धातू चांगला, तांबं की ॲल्युमिनियम, किती जाड पत्रा घ्यावा, असे प्रश्न लोक विचारतात. बहुतेक वेळा हे प्रश्न दुय्यम असतात. सांधा कसा बसलाय, हा पहिला प्रश्न. तो कळला की बाकी साहित्याची निवड सोपी होते, म्हणून आधी तिकडेच जाते.

त्याआधी, अडवायचं नक्की काय आहे ते पाहू. मुंबईच्या हवेत लहरींची दाटी माणसांइतकीच आहे. आकाशवाणीची अस्मिता वाहिनी ५५८ किलोहर्ट्झवर लागते. तिची एक लहर सुमारे ५३७ मीटर लांब, म्हणजे बारा डब्यांच्या दोन लोकल एकामागे एक उभ्या कराव्यात जवळपास तेवढी. एफएमची लहर तीनेक मीटर. विमानतळाचा मनोरा आणि वैमानिक यांचं बोलणं ११८ ते १३७ मेगाहर्ट्झमध्ये चालतं, त्या लहरी सव्वादोन-अडीच मीटरच्या. सोसायटीच्या वॉचमनकडचा वॉकी-टॉकी बहुधा ४०० मेगाहर्ट्झच्या पुढचा. मोबाइलच्या ९०० मेगाहर्ट्झची लहर ३३ सेंटिमीटर, १८०० ची जवळपास १७, वाय-फायची साडेबारा आणि ३५०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या ५जीची साडेआठ सेंटिमीटर. सगळ्यात खाली आपल्या घरातली वीज: सेकंदाला फक्त ५० आवर्तनं.

लहरींच्या या लांब्या लक्षात ठेवा. कुठली फट चालेल आणि कुठली नाही, ते यांच्यावरच ठरतं.

उपद्रव म्हणजे काय हे कळायला मंडळाच्या आरतीची आठवण पुरे. कुणाच्या तरी खिशातला जुना फोन वाजायच्या आधी लाउडस्पीकरमधून 'टिर्र टिर्र, टिर्र टिर्र' असा आवाज यायचा. २जी फोन अखंड बोलत नाही. तो आपला ट्रान्समीटर सेकंदाला सुमारे २१७ वेळा चालू-बंद करतो. माइकची वायर नकळत अँटेना होते, ॲम्प्लिफायरमधला ट्रान्झिस्टर त्या चालू-बंदचं रूपांतर आवाजात करतो, आणि २१७ हर्ट्झ कानाला ऐकू येतात. स्पीकरमध्ये एवढ्यावर भागतं. तेच भट्टीच्या तापमापकात घडलं तर आकडा चुकतो, आणि रुग्णालयातल्या यंत्रात घडलं तर प्रकरण गंभीर होतं.

आता धातू काय करतो ते. लहर धातूवर आदळली की आतले मोकळे इलेक्ट्रॉन तिच्या तालावर हलायला लागतात. इलेक्ट्रॉन हलले म्हणजे प्रवाह आला, आणि तो प्रवाह स्वतःची लहर सोडतो, आलेल्या लहरीच्या बरोबर उलटी. त्यामुळे बराचसा भाग परत फिरतो. जे थोडं आत घुसतं ते जाडीतून जाताना विरत जातं. ॲल्युमिनियममध्ये ९०० मेगाहर्ट्झची लहर दर २.७ मायक्रॉनला आधीच्या ३७ टक्क्यांवर येते. फॉइलच्या १५ मायक्रॉनमध्ये असे पाच-साडेपाच टप्पे बसतात. स्टेनलेस स्टील विजेसाठी तितकं चांगलं वाहक नाही, तिथे हा टप्पा १४ मायक्रॉनच्या आसपास. पण अर्ध्या मिलिमीटरच्या लाडवाच्या डब्यात असे पस्तीस टप्पे बसतात. म्हणजे मोबाइलच्या लहरींपुरतं बोलायचं तर स्वयंपाकघरातलं कुठलंही धातूचं भांडं जाडीच्या परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवतं. नापास होतं ते झाकणाशी.

मायकेल फॅरडेने १८३६ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये बारा फुटांची एक चौकोनी खोली उभारली होती: लाकडी सांगाडा, तारा आणि कथलाचा वर्ख. बाहेरून तिच्यावर जोरदार विद्युतभार चढवला. तो स्वतः संवेदनशील उपकरणं घेऊन आत बसला, आणि उपकरणांना काहीही जाणवलं नाही. सगळा भार बाहेरच्या पृष्ठभागावर राहिला. वर्ख किती पातळ होता ते बघा. काम होतं ते प्रवाहाला खोलीभर विनाअडथळा फिरता येत होतं म्हणून.

फट पडली की नेमकं हेच बिघडतं. पृष्ठभागावरून धावणारा प्रवाह फटीपाशी येऊन अडतो आणि वळसा घालून जायला बघतो. फटीच्या दोन काठांमध्ये व्होल्टेज उभं राहतं आणि फट स्वतःच अँटेना होऊन लहर आत सोडते. यात फट किती रुंद आहे याला फारसं महत्त्व नाही, ती किती लांब आहे ते महत्त्वाचं. कागद सरकेल एवढीच रुंद, पण लहरीच्या निम्म्या लांबीची फट जवळजवळ उघड्या दारासारखी वागते. उलट तीन मिलिमीटरचं गोल भोक सहसा काही त्रास देत नाही. प्रत्यक्षात लहरीच्या विसाव्या हिश्शाहून लांब फट ठेवू नये असा ठोकताळा आम्ही पाळतो.

हे सगळं मी पुस्तकात वाचलेलं होतं. तरीही एका कामात चुकले, आणि शिकले ते तिथेच.

खाडीलगतच्या एका कारखान्यात आमचे चार तापमान नियंत्रक बसवले होते. पेटी १.२ मिलिमीटर सीआरसीए, म्हणजे थंड लाटलेल्या पोलादी पत्र्याची, ३० बाय २० सेंटिमीटर, झकास पावडर कोटिंग केलेली. महिनाभरात तक्रार आली: भट्टी १८० अंशांवर असताना मीटर मध्येच २४० दाखवतो आणि भट्टी बंद पडते. दिवसातून पाच-सहा वेळा, कुठल्याच ठरावीक वेळी नाही. मी तिथे जाऊन अख्खी दुपार पेटीसमोर उभी राहिले. साडेतीनला राउंडवरचा वॉचमन शेजारून गेला, त्याने वॉकी-टॉकीचं बटण दाबून गेटवर काहीतरी सांगितलं, आणि आकडा उडाला. त्याने बटण सोडलं, आकडा जागेवर.

गाळ्यावर परतून मी दोन मिलिमीटर पत्र्याच्या पेट्या करून घेतल्या. खर्च वाढला, वजन वाढलं, बसवून बघितलं. आकडा तसाच उडत राहिला.

आमच्याकडे पत्र्याचं काम करणारे काका आहेत, पूर्वी गिरणीत फिटर होते. त्यांनी वीज वाहते का ते तपासायचा मीटर घेतला, एक टोक झाकणाला आणि दुसरं पेटीला, दोन्हीकडे थोडा रंग खरवडून टेकवलं. मीटर गप्प. "ताई, हे झाकण पेटीला लागलेलंच नाही," ते म्हणाले. "रंगावर रंग टेकलाय नुसता. स्क्रूसुद्धा रंगातच बसलेत."

पावडर कोटिंग हा प्लास्टिकचाच थर. झाकण आणि पेटीच्या कडांवर दोन्हीकडे तो होता, स्क्रू फक्त चार कोपऱ्यांत, आणि त्यांच्या डोक्याखालीही तोच. वॉकी-टॉकी ४५० मेगाहर्ट्झच्या आसपासचा, म्हणजे लहर ६७ सेंटिमीटर, निम्मी ३३. आमच्या झाकणाची लांब कड ३०. त्या वॉकी-टॉकीसाठी ती जवळजवळ मापातली अँटेना होती. पत्रा दोन काय, दहा मिलिमीटर केला असता तरी काही बदललं नसतं.

दुरुस्ती स्वस्तात झाली. कोटिंगला पाठवण्याआधी कडांवर मास्किंग टेप लावायची, म्हणजे तिथे पत्रा उघडा राहतो आणि त्यावर फक्त गंजरोधक झिंक प्लेटिंग असतं. चार स्क्रूंऐवजी दर तीन सेंटिमीटरला एक. फट तीस सेंटिमीटरवरून तीनवर आली. आत शिरणाऱ्या लहरीची ताकद त्यानेच शंभरपटीने कमी होते, आमच्या भाषेत २० डेसिबल. (डेसिबलचा हिशेब सोपा आहे: दर दहा डेसिबलला ताकद दहापट घटते. २० म्हणजे शंभरावा हिस्सा, ३० म्हणजे हजारावा, ६० म्हणजे दहा लाखावा.) वॉकी-टॉकी दोन हातांवर आणला तरी आकडा हलेना.

पण दर तीन सेंटिमीटरला स्क्रू मारलेलं झाकण रोज उघडायचं म्हटलं की माणसं वैतागतात, आणि मग अर्धे स्क्रू लावलेच जात नाहीत. तिथे गॅस्केट लागतं. शील्डिंगच्या साहित्यात खरी विविधता इथे आहे आणि पैसाही इथेच जातो.

गॅस्केट म्हणजे कुकरच्या रबराचंच काम करणारी पट्टी, फक्त वीज वाहून नेणारी. सगळ्यात टिकाऊ प्रकार म्हणजे बेरिलियम-तांब्याच्या पातळ पत्र्याची कंगव्यासारखी पट्टी. तिचा एकेक दात छोटी स्प्रिंग असतो. दार बंद झालं की दात दबतात आणि दोन्ही बाजूंना घासून बसतात. साधं तांबं एकदा दाबलं की तसंच राहतं. दीड-दोन टक्के बेरिलियमने त्यात स्प्रिंगचा गुण येतो. दुसरा प्रकार विणलेल्या तारेचा, स्वेटरसारखा गोल विणलेला. तिसरा आता सगळीकडे दिसतो: फोमच्या पट्टीवर निकेल-तांब्याचा मुलामा दिलेलं पॉलिएस्टरचं कापड. हाताला रेशमासारखं लागतं, मीटर लावला तर जवळजवळ शून्य ओहम. हलक्या झाकणाला हे उत्तम, कारण फार दाब द्यावा लागत नाही. पाणीही अडवायचं असेल तर सिलिकॉन रबरात चांदीचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियमचे किंवा निकेल-ग्राफाइटचे कण मिसळलेलं गॅस्केट घेतात. ते महाग असतं, पण पावसात उघड्यावर राहणाऱ्या पेटीला त्याच्याशिवाय मला तरी दुसरं काही पटत नाही.

तांब्याची चिकटपट्टी हा सगळ्यांच्या आवडीचा उपाय. मुंबईत इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडवर मिळते, दिसते छान, कातरीने कापता येते. घेताना एकच चाचणी करा, दुकानातच करा. पट्टीचे दोन तुकडे कापा, एकाच्या टोकावर दुसऱ्याचं टोक चिकटवा, आणि मीटरची टोकं दोन वेगवेगळ्या तुकड्यांवर ठेवा. वाचन शून्याजवळ आलं तर पट्टीचा गोंद वीजवाहक आहे. मीटर गप्प राहिला तर तांब्याखाली साधा गोंद आहे, आणि अशी पट्टी सांध्यावर लावली तर तुम्ही सांध्यावर एक नवी फट चिकटवत आहात. तीच पट्टी घ्यावी लागली तर प्रत्येक जोडावर झाळ द्या. गिटारच्या पोटात शील्डिंग करणारी मुलं ही पट्टी वापरतात आणि घरघर तशीच राहिली म्हणून तक्रार करतात. बऱ्याचदा कारण हा गोंदच असतो.

भोकांचं काय, असं कुणी विचारेल. यंत्राला हवा लागते, काच लागते. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या दारातली जाळी पाहा. ओव्हन २४५० मेगाहर्ट्झवर चालतो, लहर १२ सेंटिमीटर, आणि जाळीची भोकं एक-दोन मिलिमीटरची. लहरीला ती जाळी अखंड पत्र्यासारखीच. प्रकाशाची लहर मायक्रॉनहूनही लहान, ती सहज बाहेर येते आणि आपल्याला आतली वाटी दिसते. लोक चाळणीचा दाखला देतात, पण चाळणीत दाण्याची जाडी बघायची असते, इथे लहरीची लांबी. जाळी विकत घेताना तारा एकमेकींना नीट जोडलेल्या आहेत ना ते बघावं. रंग दिलेली किंवा गंजलेली जाळी प्रत्येक गाठीशी तुटलेली असते.

एमआरआयच्या खोलीइतकं चोख शील्डिंग शहरात दुसरीकडे क्वचित दिसेल. दीड टेस्लाचं (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप) यंत्र शरीरातल्या हायड्रोजनकडून येणारा अतिशय क्षीण सिग्नल ६४ मेगाहर्ट्झवर ऐकतं. तीन टेस्लाचं यंत्र १२८ मेगाहर्ट्झवर, आणि वर दिलेला आकडा आठवा: ११८ ते १३७ हे वैमानिकांचं क्षेत्र. घाटकोपर-कुर्ल्यावरून उतरणाऱ्या विमानाचं बोलणं आणि रुग्णाच्या गुडघ्याचं चित्र एकाच पट्ट्यात येतं. म्हणून भिंती, जमीन, छत, सगळीकडे तांब्याचा पत्रा, सांधे झाळलेले किंवा दाबून बसवलेले. काचेत तांब्याची बारीक जाळी. दाराच्या चौकटीला तो बेरिलियम-तांब्याचा कंगवा. तंत्रज्ञ दार लावून घेतो तेव्हा येणारा 'खर्र' आवाज त्या दातांचा असतो. अशा खोलीकडून १०० डेसिबलच्या घरातल्या शील्डिंगची अपेक्षा असते, म्हणजे बाहेरच्या लहरीचा हजार कोटीवा हिस्सा आत यावा.

त्या खोलीत ऑक्सिजनची नळी आणि हवा कशी जाते, हे मला या विषयातलं सगळ्यात सुंदर उत्तर वाटतं. भिंतीत भोक पाडून त्यात धातूची लांब नळी झाळतात. नळीच्या व्यासापेक्षा लहर खूप मोठी असेल तर ती नळीतून चालूच शकत नाही, आत शिरल्याशिरल्या विरते. व्यासाएवढी लांबी पार करताना सुमारे ३२ डेसिबल. व्यासाच्या तिप्पट लांबीची नळी घेतली की ९६ डेसिबल. हवा जाते, लहर जात नाही. अट एकच: त्या नळीतून धातूची वायर नेऊ नये. कुणीतरी सोयीसाठी एक वायर ओढली की लहर तिच्या आधाराने सरळ आत येते आणि चित्रावर रेघा उमटतात.

वायरींवर आलेच आहे तर तेही सांगते, कारण पेटी अगदी चोख केली तरी तिच्यात शिरणारी प्रत्येक वायर ही बाहेर लांबवर पसरलेली अँटेना असते. इथे तीन गोष्टी कामाला येतात. पेटीच्या भिंतीवरच फिल्टर, म्हणजे उपद्रव आत येण्याआधी भिंतीला उतरतो. वायरीवर फेराइट, म्हणजे मॉनिटरच्या केबलवर दिसणारा तो काळा गोळा. लोह ऑक्साइडात मँगनीज-झिंक किंवा निकेल-झिंक मिसळून भाजलेली ही एक प्रकारची सिरॅमिक वस्तू आहे, ती उपद्रवाची उष्णता करून टाकते. काही मेगाहर्ट्झपर्यंत मँगनीज-झिंक, त्यापुढे निकेल-झिंक. आणि तिसरी, शील्ड असलेली केबल: आत फॉइल, वर तारेची वीण. वीण जितकी दाट तितकी चांगली. पण ती पेटीला जोडायची कशी, इथे बहुतेक जण चुकतात. वीण सोडवून, शेपटीसारखी पिळून, पाच सेंटिमीटरची तार स्क्रूखाली दाबतात. १०० मेगाहर्ट्झला ती शेपटी तीसेक ओहमचा अडथळा होते. केबलच्या वीणेला गोल पट्टी लावून तिला चहूबाजूंनी पेटीच्या भिंतीला चिकटवलं तर हा अडथळा जवळजवळ जातो.

'अर्थिंग दे, सगळं ठीक होईल,' हा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. अर्थिंग शॉकपासून वाचवण्यासाठी हवंच, त्यात तडजोड नको. पण लहर अडवायला जमिनीची गरज नसते. आकाशातल्या विमानाला कुठलं अर्थिंग? फॉइलमध्ये गुंडाळलेला फोनही ओट्यावरच पडला होता. फट असलेल्या पेटीला कितीही जाड अर्थ वायर जोडली तरी फट फटच राहते.

प्लास्टिकच्या पेटीला आतून निकेलचा, तांब्याचा किंवा चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या कणांचा रंग मारतात. कोपऱ्यात तो पातळ बसतो, तिथे मीटरने तपासावं. आणि तुमच्या फोनच्या आत चिपांवर जे छोटे पत्र्याचे डबे झाळलेले असतात, ते अनेकदा जर्मन सिल्व्हरचे असतात. हो, देवघरातल्या समईचं आणि ताम्हनाचं तेच जर्मन सिल्व्हर: तांबं, निकेल आणि जस्त, चांदी अजिबात नाही. पत्रा ०.२ मिलिमीटरच्या आसपास. तो लवकर काळवंडत नाही आणि वेगळा मुलामा न देताही त्याला झाळ धरते, म्हणून त्याची निवड.

आता या सगळ्या नियमांना न जुमानणारा शत्रू. लहानपणी आम्ही माटुंग्याला रुळांना लागून राहायचो. घरात काचेच्या नळीचा जुना मॉनिटर आला होता, आणि जलद लोकल सुटली की पडद्यावरचं चित्र किंचित डुलायचं. तेव्हा लोकल १५०० व्होल्ट डीसीवर धावत. प्रवाह हजारो अँपिअरचा. त्याचं चुंबकीय क्षेत्र घरापर्यंत पोचायचं. (२०१६ पर्यंत सगळ्या मार्गांवर २५ हजार व्होल्ट एसी आलं, तेवढ्याच शक्तीला प्रवाह खूप कमी लागतो.) अशा संथ क्षेत्रापुढे तांबं हतबल असतं. ५० हर्ट्झची लहर तांब्यात दर टप्प्याला नऊ मिलिमीटर आत जाते. डीसीला तर अडवणारच नाही.

तिथे म्यूमेटल लागतो: ७७ ते ८० टक्के निकेल, उरलेलं बहुतेक लोखंड, थोडं तांबं किंवा मॉलिब्डेनम. तो क्षेत्र परतवत नाही, वळवतो. छपरावरचं पाणी पन्हळीतून बाजूला नेतो तसं, चुंबकीय रेषांना चालायला सोपी वाट देतो आणि त्या आतल्या यंत्राला वळसा घालून जातात. हा मिश्रधातू १९२३ मध्ये लंडनमध्ये समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबलसाठी तयार झाला. १८७० मध्ये मुंबईला एडन-सुएझशी जोडणारी केबल पडली तेव्हापासून अशा केबलमधून संदेश अडखळत, पसरट होऊन पोचायचे. तारेभोवती म्यूमेटल गुंडाळला की ते जलद जाऊ लागले. शील्डिंगचं काम त्याला पुढे मिळालं. स्वभावाने फार नाजूक धातू. घडवून झाल्यावर हायड्रोजनच्या भट्टीत हजार अंशांच्या वर तापवावा लागतो, आणि नंतर वाकवला, आपटला, भोक पाडलं की गुण जातो. म्हणून मी सांगते, तो विकत घेण्याआधी असं क्षेत्र सोडणारा ट्रान्सफॉर्मर यंत्रापासून दूर सरकवून बघा. त्याचं क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतं. अंतर दुप्पट केलं की आठवा हिस्सा, फुकटात.

फोनच्या मागे लावायचे 'रेडिएशन रोखणारे' स्टिकर मात्र घेऊ नका. रुपयाएवढा तुकडा काहीही वेढत नाही. त्याने अँटेना खरोखर झाकली, तर टॉवरपर्यंत पोचायला फोन उलट जास्त ताकद लावेल.

प्रयोगशाळांमध्ये सध्या एमएक्सीन नावाच्या पदार्थांवर पुष्कळ काम चालू आहे, टायटॅनियम कार्बाइडचे अणूंइतके पातळ पापुद्रे. २०१६ मध्ये त्याच्या ४५ मायक्रॉनच्या फिल्मने ९२ डेसिबलपर्यंत शील्डिंग दाखवलं, तेही रंगासारखं फवारता येईल अशा पदार्थाने. माझा जीव मात्र एका गोष्टीत अडकतो: दमट हवेत तो हळूहळू ऑक्सिडाइज होतो. मुंबईत साहित्याची खरी परीक्षा जून ते सप्टेंबर असते.

ती परीक्षा आमच्या खाडीलगतच्या पेट्यांनीही दिली. पुढची ऑर्डर आम्ही ॲल्युमिनियमच्या पेट्यांत केली, झाकणाला बेरिलियम-तांब्याचा कंगवा, आणि समाधानाने पाठवून दिल्या. दुसऱ्या पावसाळ्यानंतर एक पेटी परत आली. झाकण उघडलं तर जिथे जिथे दात टेकले होते तिथे ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी, मिठासारखी. खारी दमट हवा, तांबं आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की त्यांची छोटी बॅटरी होते आणि तिच्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं. भुकटीतून वीज जात नाही. फट पुन्हा उघडली होती, कुणाला दिसू न देता.

काकांनी ती भुकटी नखाने खरवडून पाहिली. "आमची आई पितळेच्या पातेल्याला दर दिवाळीआधी कल्हई करून घ्यायची," ते म्हणाले. "तांब्यापितळेला उघडं ठेवायचं नसतं."

त्यानंतर आम्ही कथलाचा मुलामा दिलेला कंगवा मागवू लागलो, म्हणजे कल्हई केलेलाच. ॲल्युमिनियमच्या कडेला वीज वाहू देणारं क्रोमेट कोटिंग, आणि बाहेरून पाणी अडवायला साध्या रबराची वेगळी रिंग. त्या पेट्या अजून तिथेच आहेत. दर ऑक्टोबरमध्ये काका मीटर घेऊन जातात, एक टोक झाकणाला, एक पेटीला लावतात आणि आकडा वहीत लिहून आणतात.